निवडलेले शंभर दाणे

पहिलेच सांगून ठेवते, माहं डोस्कं गरम हाय आन् ते थंड कराची मले काही घाई नाही. लोकं म्हणतात, धम्मदीपा, झालं गेलं सोडून दे, तू शिकलेली पोरगी हायेस, दुसरी नोकरी भेटीन. नोकरी! ते नोकरी नव्हती बाप्पा. ते कंपनी आमी दोघायनं काढली होती, मी आन् हरीओमनं, रिसोडच्या मार्केट यार्डासमोर, खताच्या दुकानाच्या वरच्या खोलीत. एक टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आन् गरगर आवाज करणारा एक पंखा.

हरीओम रिसोडचाच. बाप धान्याचा अडत्या. पोरगा पुण्याले जाऊन इंजिनीअर झाला, चार वर्षं तिथं नोकरी केली आन् एक दिवस वापस आला, डोस्क्यात एआय घेऊन. मी केनवडची. अकोल्याले राहून शेतीची पदवी घेतली. दहावीपर्यंत आमी एकाच शाळेत होतो, म्हणून त्यानं मले फोन केला.

त्याचं म्हणणं सोपं होतं. आमच्या इकडं लोकं सोयाबीनचं बियाणं घरचंच ठेवतात. पेरणीच्या आधी घरातली बाई गोणपाट वल्लं करते, त्यावर दहा-दहाच्या ओळीनं शंभर दाणे मांडते, गुंडाळी करून सावलीत ठेवते आन् सहाव्या दिवशी उघडून मोजते. सत्तरच्या वर कोंब निघाले त बियाणं चांगलं. साठच्या खाली गेले त ते पेराचं नाही. हरीओम म्हणे, सहा दिवस कायले? दाण्याचा फोटो काढा, एआय सहा सेकंदात सांगीन. चांगलं असलं त हिरवी खूण, खराब असलं त लाल. नाव ठेवलं पेरसाथी.

"पण दीपा, ॲप त आता कोणीबी बनवते," तो मले म्हणला. "एआयले सांगतलं का तीन दिवसात कोड लिहून देते. आज माह्याजोळ हाय, उद्या अजून शंभर लोकायजोळ राहीन. जे कोणाजोळच नाही ते म्हणजे फोटो. खऱ्या घरातल्या खऱ्या दाण्याचे, आन् त्यातले किती उगवले त्याचा आकडा. पुण्याच्या पोट्ट्याले कोणी स्वयंपाकघरात घेणार नाही. ते काम तूच करू शकतं."

बरोबर होतं त्याचं. मी दोन हंगाम चाळीस गावं पालथी घातली. एसटीनं, जीपनं, स्कुटीवर. बायायले शिकवलं का काळ्या कपड्यावर शंभर दाणे मांडा, फोटो काढा, मंग तेच दाणे गोणपाटात घाला आन् सहाव्या दिवशी परत फोटो काढा. माह्या तोंडाकडं पाहून त्या करत गेल्या. अकरा हजार फोटो जमले, पुण्यातल्या एका कॉम्प्युटरवर गेले. एआय त्यावर शिकला आन् शंभरात चौऱ्याण्णव डाव बरोबर सांगाले लागला. हरीओम त नाचलाच. या वर्षी नऊ हजार लोकायनं पेरणीसाठी ॲप घेतलं. मंग मुंबईच्या एका फंडाचे उदयसिंग साहेब म्हणाले, मी सोता येतो, गाव दाखवा, लोकं दाखवा, पटलं त पैसे लावतो.

साहेबाले दाखवाचं गाव ठरलं केनवड, आन् घर ठरलं माहं. कारण माही माय.

माह्या मायचं नाव लिलाबाई. तीन एकर वावर, तेही हलकं. पण बियाणं राखावं त लिलाबाईनं, असं अख्खं केनवड म्हणते. हे नाव काही सहज झालेलं नाही. आमचं घर विहारापाशी. एक काळ होता, आमच्या वस्तीतला दाणा गावातल्या मोठ्या घरायले चालत नव्हता. घ्याचाच असला त मागच्या दारानं, दुसऱ्याच्या नावानं. माय काही बोलली नाही. वीस वर्षं तिनं बियाणं वाळवलं, राखलं, गोणपाटावर तपासलं. मंग एका वर्षी सोळा एकरवाले जगदेवभाऊ सोता बैलगाडी घेऊन दारात आले आन् म्हणाले, लिलाबाई, दोन पोते पाह्यजे. पुढच्या दारानं आले. माय तो दिवस तारखेसकट सांगते. या वर्षी तिनं चौदा घरायले बियाणं देलं होतं.

साहेब येणार त्याले अजून सात दिवस होते. मी घरी आली त माय अंगणात सूप घेऊन बसलेली. पोत्यातले मूठभर दाणे सुपात घेतले होते आन् डोळे बारीक करून एकेक दाणा निवडून राह्यली होती.

"माय, काय करून राह्यली?"

"फोटोचे दाणे काढतो ना. साहेब येऊन राह्यले ना तुहे."

"मंग निवडून काहून राह्यली?"

तिनं मले असं पाह्यलं, जसं का मले याड लागलं. "मंग काय तसेच ठेवू त्यायच्या पुढं? फुटके, डागी, सुरकुतलेले? परक्या माणसापुढं कोणी निवडल्याबिगर दाणा ठेवते का व?"

मले पहिले समजलंच नाही. समजलं तवा मी सूप बाजूले सरकवलं.

"माय, पहिल्यापासून तू निवडूनच फोटो काढतं?"

"पहिल्या दिवसापासून. मी कायले, सगळ्याच काढतात. बेबीबाई त तासभर निवडत बसली होती, तिची सून सांगे. पुण्याले जाते म्हणलं तो फोटो. पुण्याच्या लोकायनं काय म्हणावं, केनवडच्या बायायले दाणा निवडता येत नाही?"

"आन् काढलेले खराब दाणे?"

"टाकून देऊ का? पोत्यात वापस."

मी ओट्यावर बसली. अकरा हजार फोटो, बाप्पा! अकरा हजार डाव कोणत्या तरी बाईनं सूप घेऊन चांगले-चांगले शंभर दाणे निवडले, त्याचा फोटो काढला, तेच शंभर गोणपाटात घातले आन् उगवले म्हणून आकडा पाठवला. एआय बिचारा बरोबरच शिकला. निवडलेला दाणा पाहून निवडलेल्या दाण्याचं सांगत होता. पण वावरात शंभर दाणे पेरत नाही कोणी. वावरात पोतं पेरतात. आन् पोत्यात काय हाय ते त्या एआयनं कधी पाह्यलंच नव्हतं.

मी फोन काढला आन् दहा गावच्या दहा बायायले इचारलं. सगळ्या म्हणाल्या, हौ मंग! वरून कौतुकानं. एक म्हणे, "तुहं नाक कापू देलं नाही व पोरी आमी पुण्यात."

मले हरीओमचा राग आला नाही तवा. माहाच आला. घरात पाव्हणा येणार असला त माय तांदूळ दोनदा निवडते, हे पाहत मी लहानाची मोठी झाली. पुण्याच्या कॉम्प्युटरले हे कोण सांगीन? हे सांगालेच त मी होती त्या कंपनीत! बाकी सगळं त मशीन करत होतं. एक काम माहं होतं आन् त्यातच मी शेण खाल्लं.

"माय, या वर्षी गोणपाट घातलं होतं का?" मी इचारलं.

"नाही. तुह्या मोबाईलनं अठ्ठ्याऐंशी सांगतलं. हिरवी खूण आली. मंग गोणपाट कायले?" मंग जराशी थांबून म्हणे, "गंजीले पाणी लागलं होतं काढणीच्या वेळेस. मले शंका होती मनात. पण म्हणलं, पोरीच्या मशीनपेक्षा मले जास्त समजते का?"

मायले शंका होती! जिच्या हाताखाली मी बियाणं वळखाले शिकली, तिनं माह्या मशीनवर भरोसा ठेवून आपली शंका गिळली.

मायले म्या काही सांगतलं नाही. ती वंदनेले विहारात गेली तवा परखी घेतली, पोत्यात टोचून दाणा काढाची लोखंडी नळी असते ते. वरचा, मधला, खालचा, असे शंभर दाणे काढले. एकही निवडला नाही. गोणपाटात गुंडाळले आन् न्हाणीत टाकीच्या मांगं ठेवले. हरीओमले फोन केला. तो म्हणे, "व्हिजिट तोंडावर आली आन् तू हे काय काढलं? पहिले खात्री कर, मंग बोलू." ठीक हाय म्हणलं. सहा दिवस रोज पाणी शिंपडलं. मायनं इचारलं, न्हाणीत एवढा येळ काय करतं व? मी म्हणलं, काही नाही.

साहेब येणार त्या दिवशी सकाळी उघडलं. एकेचाळीस.

तीन डाव मोजलं. एकेचाळीसच.

ते गुंडाळी तशीच थैलीत घातली आन् स्कुटी काढून रिसोडले गेली. उदयसिंग साहेब ऑफिसात येऊन बसले होते. हरीओमनं त्यायच्यासाठी नवी खुर्ची आणली होती. साहेब दिसाले साधे, पंचेचाळीसचे असतीन, आन् बोलणं आपलंच. मूळचे कामरगावचे. मले म्हणाले, "जयभीम ताई, तुमचंच नाव ऐकून राह्यलो सकाळपासून."

"दीपा, आधी चहा घे," हरीओम म्हणे. त्यानं थैली पाह्यली होती.

मी चहा घेतला नाही. उभ्यानंच सगळं सांगतलं. सूप, निवडलेले दाणे, पोत्यात वापस गेलेले खराब, अठ्ठ्याऐंशी आन् एकेचाळीस. साहेबायनं मधात एकदाही टोकलं नाही. शेवटी ते हसले.

"माही माय बी असंच करे," ते म्हणाले. "शाळेत मास्तरले भुईमुगाच्या शेंगा पाठवाच्या असल्या त एकेक शेंग पुसून देत जाय."

मले वाटलं, सुटलो. हा माणूस आपला हाय, याले समजलं. आता हा म्हणीन, पहिले ते हिरव्या खुणा बंद करा.

साहेब हरीओमकडं वळले. "हे त चांगलंच झालं."

"चांगलं?" हरीओमच म्हणला.

"हौ ना. तुमच्याजोळ निवडलेल्या दाण्याचा डेटा हाय. तो उद्या कोणीबी गोळा करीन. पण या वर्षी नऊ हजार लोकं तुमच्या खुणेवर पेरतीन. ज्यायचं उगवणार नाही, त्यायच्या वावराचे फोटो घ्या. पोत्यातला खरा दाणा आन् वावरातली खरी उगवण. असा डेटा देशात कोणाजोळ नाही. मी पैसे त त्याच्यावर लावीन."

खोलीत पंखा गरगर करून राह्यला होता. मले वाटलं माह्याच ऐकण्यात काही चुकलं.

"साहेब, म्हणजे पेरू द्याचं? आपल्याले माहीत असून?"

"ताई, आपलं ॲप नव्हतं तवा काय दुबार पेरणी होत नव्हती?"

तळपायाची आग मस्तकात गेली माह्या. "होत होती! पण तवा माणूस आपल्या चुकीनं बुडे, नाहीतर निसर्गानं बुडे. आता तो माह्या तोंडाकडं पाहून बुडीन! त्याच्या वावरात उभं राहून मी काय सांगू? भाऊ, तुमचं पीक गेलं पण तुमचा डेटा लय मोलाचा हाय?"

"ॲपमधी खाली लिहिलं हाय," हरीओम टेबलाकडं पाहत बोलला. "हा फक्त अंदाज हाय म्हणून."

"इंग्रजीत लिहिलं हाय, हरीओम! माह्या मायले इंग्रजी येते?"

तो टेबलावरचे कागद सारखे कराले लागला.

"मले बाकी काही नाही पाह्यजे," मी म्हणलं. "आजच्या आज नऊ हजार लोकायले एक मेसेज पाठव. हिरव्या खुणेवर भरोसा ठेवू नका, पोत्यातला न निवडलेला दाणा घ्या आन् गोणपाट वल्लं करा. बस. दोन ओळीचा मेसेज हाय. पेरणीले अजून आठ-दहा दिवस हायेत, लोकं तपासून घेतीन."

"आन् उद्यापासून ॲप कोण उघडीन?" हरीओम म्हणे. "वीस तारखेले सह्या हायेत. सह्या होऊ दे, मंग पाठवू."

"वीस तारखेपर्यंत पेरण्या होऊन जातीन!"

तवा तो भडकला. उभा राह्यला. "मंग मी काय करू? दोन वर्षं झाले मी पुण्याची नोकरी सोडून इथं बसलो. आन् ते फोटो कोणं जमवले, दीपा? बायायले कसं शिकवाचं ते कोणाच्या हातात होतं? माह्या? तुह्या चुकीसाठी मी कंपनी बुडवू? कंपनीत तुहाही हिस्सा हाय, ध्यानात ठेव."

लागलं मले. खरं होतं म्हणून लागलं. पण खरं बोलूनही माणूस हरामखोरी करू शकते, हे मले त्या दिवशी समजलं. साहेबायनं घड्याळ पाह्यलं आन् म्हणाले, "चला, केनवडले लोकं वाट पाहून राह्यले असतीन."

ग्रामपंचायतीच्या सभागृहात साठ-सत्तर लोकं जमले होते. बायाही होत्या. माही माय पहिल्या ओळीत, नव्या लुगड्यात, मांडीवर हात ठेवून. दोन खुर्च्या सोडून जगदेवभाऊ. हरीओमनं माईक घेतला आन् सुरू झाला. एआय, गावचं ज्ञान, गावच्या मायमाउल्या, काहीच्या बाही. मी भिंतीले टेकून उभी होती, थैली हातात. तोवर मी काही ठरवलं नव्हतं, खरं सांगते. बोलाचं का नाही, बोललं त काय बोलाचं, काहीच नाही.

मंग तो म्हणला, "आन् हे आपल्या लिलामावशी! यायच्या बियाण्याची उगवण किती? अठ्ठ्याऐंशी टक्के! जोरदार टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. माय लाजली. आन् त्याले माहीत होतं! तासाभरापूर्वी त्यानं एकेचाळीस हा आकडा आपल्या कानानं ऐकला होता. माहं डोस्कं फिरलं.

मी पुढं गेली. टेबलावरचे हार-नारळ बाजूले सारले आन् गोणपाट उघडलं. वल्ल्या सुतळीचा, कुजक्या दाण्याचा वास सुटला.

"हे आमच्या घरचं बियाणं हाय," मी म्हणलं. "पोत्यातून तसंच काढलेलं, निवडल्याबिगर. ॲप अठ्ठ्याऐंशी म्हणते. या, मोजा."

कोणी जागचं हाललं नाही. कोणी टेबलाकडं पाह्यलंही नाही. सगळे माह्या मायकडं पाहत होते, आन् माय त्या गोणपाटाकडं.

जगदेवभाऊ हळूच उठले. "झाकून ठेव ते पोरी," अगदी मायेनं म्हणाले. "चारचौघात मायचं काहून काढतं? समजलं आमाले. झाक."

"नाही समजलं तुमाले!" मी ओरडलीच. "समजलं असतं त पोतं घेऊन आले असते! अहो, फक्त माह्या मायचं नाही हे. तुमच्या सगळ्यायच्या घरी हेच झालं. फोटोच्या आधी कोणं-कोणं दाणे निवडले, हात वर करा!"

एक हात वर झाला नाही. बाया पदर सावरत खाली पाहत राह्यल्या. माह्या मायची इज्जत झाकाले हे साठ लोकं खराब बियाणं पेराले तयार होते. मांगं हरीओम माईक बंद कराले बटन शोधून राह्यला होता. आन् उदयसिंग साहेब? ते टेबलापाशी आले, खिशातून फोन काढला आन् त्या गोणपाटावर धरला.

तवा माय उठली.

मले वाटलं आता मारते मले. तिनं मले बाजूले केलं आन् टेबलापाशी उभी राहून बोट ठेवून मोजाले लागली. मोठ्यानं. एक. दोन. तीन. पंधराच्या पुढं तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "एकेचाळीस," ती म्हणली.

मंग साहेबाकडं वळली. "याचा फोटो काढाचा नाही."

"मावशी, शिकासाठीच पाह्यजे होता..."

"नाही म्हणलं ना."

साहेबायनं फोन खिशात ठेवला. माय जगदेवभाऊले म्हणली, "भाऊ, माहं बियाणं वापस आणून द्या. चौदाही घरायनं. आजच." आन् चालली गेली. माह्याकडं पाह्यलं नाही.

दिवस मावळाच्या आत पोते आले. काहीयनं अंगणात आणून ठेवले, काहीयनं फाटकापाशीच उतरवले आन् बोलल्याबिगर चालले गेले. जगदेवभाऊचे पोते त्यायचा गडी घेऊन आला, ते सोता आले नाहीत. माय ओट्यावर उभी होती, प्रत्येकाले हौ म्हणत होती. तेरा घरचं आलं. चौदावं घर बेबीबाईचं. ते विधवा बाई, दोन एकरवाली. बोअरचं पाणी होतं म्हणून तिनं वाट पाह्यली नाही, आदल्याच दिवशी पेरून मोकळी झाली होती. हिरव्या खुणेवर.

दोन दिवसात गावात घरोघरी गोणपाट वल्ले झाले. दारं लावून, पण झाले. मी स्कुटी काढली आन् बाकी गावं धरली. लोकं कुठं ऐकत, कुठं मलेच म्हणत, ताई, मांगच्या महिन्यात तुमीच त ॲप घ्या म्हणत होत्या. चाळीसपैकी तेवीस गावं झाली तोवर पेरण्या लागल्या. सतरा गावायपर्यंत मी पोचलीच नाही. कंपनीनं मले शेतकऱ्यायच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं. मेसेज काही गेला नाही. वीस तारखेले सह्या झाल्या आन् पेपरात फोटो आला, वऱ्हाडच्या मातीतला एआय म्हणून. हरीओमच्या गळ्यात हार होता. मी तो पेपर चुलीत घातला.

सभेपासून माय माह्याशी एक शब्द बोलली नव्हती. जेवाले वाढे, बाजूले होय. दिवसभर सूप घेऊन बसे आन् वापस आलेल्या पोत्यातून चांगले-चांगले दाणे निवडे. मी शेजारी बसून निवडाले लागली त तिनं नाही म्हणलं नाही, हौही म्हणलं नाही.

सभेनंतर नवव्या दिवशी ती डोक्यावर गाठोडं घेऊन निंघाली. मी मांगं गेली. बेबीबाईच्या वावरात गेलो आमी. हातभर ओळ उगवलेली, मंग दोन हात कोरडी माती, मंग दोन झाडं, परत माती. बेबीबाई बांधावर उभी होती. शिव्या देईन म्हणलं, द्याव्या. ती एवढंच म्हणली, "पाणी आणतो तुमच्यासाठी," आन् बोअरकडं गेली.

माय खाली बसली. खुरप्यानं माती उकरून रिकाम्या जागी निवडलेले दाणे टोकाले लागली, एका जागी दोन-दोन. मी बाजूची ओळ धरली. बराच येळ तसंच चाललं.

"ते गोणपाट कवा घातलं होतं?" माय म्हणली. मान वर न करता.

"तू वंदनेले गेली होती तवा."

"म्हणजे सहा दिवस घरात होतं."

"हौ."

"सहा दिवसात एक डाव मले सांगतलं असतं. मीच उघडलं असतं गावापुढं. माह्या हातानं."

मले बोलाचं होतं. हरीओमचं, साहेबाचं, त्या टाळ्यायचं, नऊ हजार लोकायचं, सगळं तोंडापर्यंत आलं होतं. मी पुढच्या खड्ड्यात दोन दाणे टाकले.

"त्या साहेबानं मले इचारल्याबिगर फोन काढला, मले काही वाटलं नाही," माय म्हणली. "तो परका माणूस. तू त माही होती ना व."

आन् ती पुढच्या जागी माती उकराले लागली.